अपडेट मारू नका

सेकंडहँड पीएस फोर घ्यायला पैठण गेटला गेलात, तर ‘कितने पे है?’ हा प्रश्न किमतीबद्दलचा नसतो. तो फर्मवेअरबद्दलचा असतो. दुकानदाराने खोका माझ्या हातात देताना सांगितलं, ‘भाई, नौ पे है. अपडेट मत मारना.’ बिल नव्हतं, वॉरंटी नव्हती. होती ती एवढी एक ताकीद.

घरी वाय-फाय जोडलं आणि थोड्याच वेळात टीव्हीवर पाटी आली: नवीन सिस्टिम सॉफ्टवेअर उपलब्ध आहे. धाकटा भाऊ कंट्रोलर घेऊन बसलेला. ‘दादा, कर ना अपडेट. त्याशिवाय ऑनलाइन जाताच येत नाही. पोरं थांबलेत.’

मी नाही म्हणालो. का म्हणालो, ते सांगतो. फुकट गेमसाठी म्हणालो नाही, आणि तो आरोप येणार हे मला माहीत आहे. त्याच्याकडे येतोच.

आधी ‘नौ’ म्हणजे काय ते बघू. सोनीने पीएस फोरसाठी ९.०० ही आवृत्ती सप्टेंबर २०२१मध्ये आणली. त्याच डिसेंबरमध्ये हॅकर मंडळींनी तिच्यातली फट जगासमोर ठेवली. खास पद्धतीने तयार केलेला पेनड्राइव्ह लावायचा, कन्सोलच्याच ब्राउझरमध्ये एक पान उघडायचं, आणि सोनीची सही नसलेला प्रोग्रॅमही मशीन चालवू लागतं. पुढच्या आवृत्तीत ही फट बुजवली गेली. मग २०२४मध्ये ११.००पर्यंतच्या आवृत्त्यांसाठी आणखी एक फट निघाली, या वेळी लॅन केबलच्या वाटेने. तिचं मूळ २००६ साली नोंदवल्या गेलेल्या एका दोषात होतं. म्हणजे अठरा वर्षं जुनं भोक कंपनीच्या नजरेतून सुटलेलं, आणि बेजबाबदार मात्र अपडेट न करणारे आपण.

फट बुजवण्यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो परतीची वाट बंद करण्यावर. पीएस फोरवर एकदा वरच्या आवृत्तीला गेलात, की सेटिंगमधून खाली येण्याची सोय नाही. निन्टेन्डोच्या स्विचमध्ये तर ही गोष्ट अक्षरशः घडते. त्याच्या चिपमध्ये बारीक फ्यूज असतात आणि काही अपडेट त्यातला एकेक फ्यूज कायमचा जाळतात. नंतर जुनी आवृत्ती टाकलीत, की मशीन जळलेले फ्यूज मोजतं, हिशेब जुळत नाही आणि सुरू व्हायला नकार देतं. पैसे तुम्ही मोजलेत, टेबल तुमचं आहे, वीजबिल तुम्ही भरता, आणि तुमच्याच मशीनमध्ये तुमच्या विरोधात काहीतरी जाळलं जातं. याला देखभाल म्हणायचं?

‘पण अपडेट चांगल्यासाठीच असतं,’ असं म्हणणाऱ्यांनी १ एप्रिल २०१० ही तारीख लक्षात ठेवावी. पीएस थ्रीवर लिनक्स टाकता येतं, हे सोनीने स्वतः दिलेलं वैशिष्ट्य होतं. लोकांनी ते बघून मशीन घेतलं होतं. अमेरिकन हवाई दलाने सुमारे १७०० पीएस थ्री जोडून सुपरकॉम्प्युटर उभारला, तो याच सोयीच्या जोरावर. त्या एप्रिलमध्ये ३.२१ हे अपडेट आलं आणि सुरक्षेचं कारण देऊन ती सोय काढून घेतली गेली. अपडेट करू नका हवं तर, पण मग ऑनलाइन खेळणं बंद आणि पुढे येणारे नवे गेमही बंद. दोन्ही सोयींचे पैसे घेतलेले, आणि आता त्यातली एकच निवडा. अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला आणि काही वर्षांनी कंपनीला तडजोड करून पैसे मोजावे लागले. काढून घेतलेली सोय मात्र परत आली नाही.

आपल्याकडे वाळूजला बजाजचा कारखाना आहे. तिथून निघालेली गाडी विकली गेली, की ती घेणाऱ्याची. तिचं इंजिन शहरातला कुठलाही मेकॅनिक उघडतो. कंपनीचा माणूस रात्री तुमच्या अंगणात येऊन मागचं सीट काढून नेत नाही, आणि ‘सही करा, नाहीतर उद्यापासून हायवेवर गाडी चालणार नाही’ असंही म्हणत नाही. असं कोणी केलं, तर आपण पोलिसांत जाऊ. सीटच्या जागी सॉफ्टवेअर आलं, की मात्र आपण ‘मला मान्य आहे’वर अंगठा ठेवतो. वाचतसुद्धा नाही.

आता आरोप. अपडेट न करणारे सगळे चोर. यात तथ्य आहे, हे कबूल करतो. ‘नौ पे है’ म्हटल्यावर भाव वाढतो तो बऱ्याचदा न विकत घेतलेल्या गेमसाठीच, आणि गेम बनवणाऱ्याच्या कष्टांचे पैसे बुडवण्याला मी स्वातंत्र्य म्हणणार नाही. पण आपला कायदा या दोन गोष्टींत फरक करतो, तो कंपन्यांना करायचा नसतो. कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने कलम ६५ए आलं. डिजिटल कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो, पण केव्हा? हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडलं तर. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी तोडलं, तर ते या कलमाखाली येत नाही. स्वतःच्या गेमच्या सेव्हची प्रत काढणं, स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम चालवणं, जुन्या यंत्रावर लिनक्स टाकून त्याचा कॉम्प्युटर करणं, यातलं चोरी काय आहे?

दुसरा आरोप सुरक्षेचा. तो मला जास्त पटतो. म्हणून स्पष्ट सांगतो: फोनचे सुरक्षा अपडेट करा, टाळू नका. फोनमध्ये तुमची बँक आहे, ओटीपी आहे, घरच्यांचे फोटो आहेत. टीव्हीखाली ऑफलाइन पडलेल्या कन्सोलमध्ये यातलं काही नाही. आणि चांगलं अपडेट कसं असतं, याचं उदाहरण खुद्द ९.००च आहे. त्याआधी पीएस फोरच्या आतली घड्याळाची छोटी बॅटरी संपली आणि सोनीचा सर्व्हरही बंद असला, तर विकत घेतलेली डिस्कसुद्धा चालली नसती. ९.००ने ही भानगड गाजावाजा न करता मिटवली. असं अपडेट मी डोळे झाकून करीन. अडचण ही, की दुरुस्ती आणि काढून घेणं एकाच पुडीत बांधून येतं, आणि पुडी फोडून बघायची मुभा नसते.

म्हणून मागणी सरळ आहे. सुरक्षेची दुरुस्ती वेगळी द्या आणि सोयी काढणारं अपडेट वेगळं. काय जाणार आहे ते पहिल्या ओळीत लिहा. मागे जायची वाट ठेवा, निदान कंपनीने त्या यंत्राचा पाठिंबा थांबवल्यावर तरी. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी पोर्टलही सुरू झालं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं आली. पण स्क्रू उघडायचा हक्क मिळाला आणि सॉफ्टवेअरचं कुलूप तसंच राहिलं, तर ती दुरुस्ती अर्धीच.

तोवर एवढं करा. सेटिंगमध्ये जाऊन आपोआप डाउनलोड होणारे अपडेट बंद करा. अपडेटची पाटी आली की विचारा: यात काय मिळतंय, काय जातंय, आणि परत येता येईल का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर घाई करू नका. आज न केलेलं अपडेट उद्या करता येतं. केलेलं काढता येत नाही.

भाऊ अजून रुसलेला आहे. त्याची पोरं रोज रात्री ऑनलाइन जमतात आणि हा एकटा करिअर मोड खेळत बसतो. त्याचं चुकत नाही. मशीनचा मालक राहायचं असेल, तर मित्रांना मुकायचं. हा सौदा मी ठरवला नाही, त्यानेही नाही. पाटी मात्र अजून रोज येते, आणि बटण तेवढं ठळक असतं.