मुलाचा हेल ऐका
आपल्या रत्नागिरीच्या बोलीला हेल आहे. पण वस्तीतली काही मुलं सगळं एकाच सुरात बोलतात, नाहीतर टीव्हीच्या जाहिरातीच्या चालीत पाणी मागतात. शेजारी उद्धट म्हणतात, घरचे भगताकडे नेतात. स्वमग्न मुलांत असं बोलणं आढळतं; आईच्या वळणाचा त्यात दोष नाही. नुसत्या सुरावरून निदान होत नाही. हाकेला ओ देतं का, बोटाने दाखवतं का, तेही पाहावं लागतं. कान तर आधीच तपासावेत. 'मुलगा आहे, बोलेल उशिरा' असं सांगून आम्ही परिचारिकांनीच किती आयांना परत पाठवलं! राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, तपासणी मोफत असते. आणि लाजेपोटी नेमकं त्याच दिवशी मूल घरी ठेवलं जातं. यंदा ठेवू नका.