थायरॉइडची छोटी गाठ : घाई कुणाला, प्रतीक्षा कुणाला?

दक्षिण कोरियाने १९९९ मध्ये राष्ट्रीय कर्करोग तपासणी मोहीम सुरू केली. तीत थायरॉइडचा समावेश नव्हता. मात्र थोडे जादा पैसे घेऊन अनेक रुग्णालये मानेची सोनोग्राफीही करू लागली. परिणामी २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाच्या निदानांचे प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तेथेच राहिले. रोग खरोखर फैलावला असता तर मृत्यू वाढले असते. तपासणीने प्राण वाचले असते तर ते घटले असते. वाढली ती केवळ निदाने आणि त्यांमागोमाग शस्त्रक्रिया.

या शस्त्रक्रियांची किंमत लहान नव्हती. पंधरा हजारांहून अधिक रुग्णांच्या विमा नोंदी तपासल्या असता, ११ टक्के रुग्णांत शरीरातील कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथींचे कार्य मंदावल्याचे, तर २ टक्क्यांत स्वरतंतू लुळे पडल्याचे आढळले. संपूर्ण थायरॉइड ग्रंथी काढलेल्याला जन्मभर गोळी घ्यावी लागते, ती वेगळीच.

मग घातक गाठ ओळखावी कशी? जपानमधील कोबे येथील कुमा रुग्णालयाने १९९३ पासून वेगळी वाट धरली. एक सेंटिमीटरपर्यंतच्या, कमी जोखमीच्या गाठी न कापता ठरावीक काळाने सोनोग्राफी करून पाहायच्या. अशा १,२३५ रुग्णांपैकी दहा वर्षांत सुमारे ८ टक्क्यांची गाठ वाढली, सुमारे ४ टक्क्यांत ती लसिकाग्रंथींत पोहोचली. या कर्करोगाने एकही रुग्ण दगावला नाही. विशेष म्हणजे वयस्करांपेक्षा चाळिशीच्या आतील रुग्णांत गाठ वाढण्याचे प्रमाण अधिक होते.

अर्थात, प्रत्येक छोटी गाठ निरुपद्रवी नसते. श्वासनलिकेला चिकटलेली, स्वरयंत्राच्या नसेलगतची किंवा लसिकाग्रंथींत पसरलेली गाठ थांबू देत नाही. जनुकीय चाचणीही एकटी निवाडा करू शकत नाही. कारण ‘बीआरएएफ’ जनुकातील बदल निरुपद्रवी गाठींतही सर्रास सापडतो. त्याच्या जोडीला ‘टर्ट’ जनुकातील बदल असेल, तर मात्र सावध व्हावे लागते. म्हणजेच गाठीचा आकार नव्हे, तर तिची जागा आणि काळानुसार बदलणारी तिची चाल निर्णायक ठरते.

लक्षणे नसलेल्या प्रौढांची सरसकट थायरॉइड तपासणी करू नये, असा सल्ला अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१७ मध्ये दिला. मानेत गाठ जाणवणे, आवाज बसलेलाच राहणे, बालपणी मानेवर झालेला किरणोपचार वा कुटुंबातील इतिहास असल्यास डॉक्टरांकडे जाणे आवश्यकच. पण संपूर्ण शरीर तपासणीच्या आकर्षक ‘पॅकेज’मध्ये केवळ सोय म्हणून मानेची सोनोग्राफी करून घेण्यापूर्वी कोरियाचा अनुभव आठवावा.