गालातील चट्टा आणि प्रथिनांची साक्ष

लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव येथील अनेक व्यापारी घरांत तंबाखूला उंबरठ्याच्या आत स्थान नसते. भोजनोत्तर सुपारी मात्र निर्दोष मुखवास मानली जाते. ही समजूत घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, तंबाखूविरहित सुपारीलाही मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत गणले आहे.

नित्य सुपारीने गालाचे अंतस्तर हळूहळू राठ होते आणि तोंड पूर्ववत उघडेनासे होते. काहींच्या गालात पांढरा वा लाल चट्टा उमटतो. असा प्रत्येक चट्टा कर्करोगात परिणत होत नाही. कोणता होईल, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. येथेच प्रथिनांची साक्ष मोलाची ठरते.

बोरघाट उतरल्यावर नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संशोधन संस्था आहे. तेथे डॉ. मिलिंद वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केराटिन या प्रथिनसमूहाचा दीर्घकाळ अभ्यास केला. केराटिन म्हणजे पेशीचा जणू सांगाडा. त्यातील ८ आणि १८ क्रमांकाचे प्रकार निरोगी गालाच्या अस्तरात सहसा आढळत नाहीत. कर्करोगाच्या पेशींत मात्र ते दिसू लागतात. पुढे काही पेशींत व्हिमेंटिन हे प्रथिन प्रकट होते. पेशींची परस्परांवरील पकड सैल होते आणि रोग मानेच्या गाठींकडे सरकू शकतो. अशा रीतीने प्रथिने रोगाची चाहूल देतात आणि त्याची वाटचालही सांगतात.

लाळेतील प्रथिनांवरही संशोधन चालू आहे. इंटरल्यूकिन-८ हे प्रथिन मुखकर्करोगात वाढलेले आढळते. परंतु हिरड्यांच्या दाहातही ते वाढू शकते. म्हणून केवळ लाळ वा रक्त तपासून निर्वाळा देता येत नाही. निश्चित उत्तर आजही बायोप्सीच देते. ‘सुई लागली की रोग पसरतो’ या भयापोटी कित्येक कुटुंबे ती टाळतात. रोग वाढतो तो या विलंबाने, तपासणीने नव्हे.

केरळमध्ये झालेल्या आणि २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, प्रशिक्षित सेवकांनी ठरावीक काळाने केवळ तोंड तपासल्यामुळे तंबाखू किंवा मद्य सेवन करणाऱ्यांतील मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. त्यासाठी ना महागडे यंत्र लागले, ना प्रयोगशाळा.

तेव्हा सुज्ञ वाचकांनी महिन्यातून एकदा भरपूर उजेडात आरशासमोर गाल, जीभ व हिरड्या पाहाव्यात. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, न जाणारा चट्टा, किंवा उभी तीन बोटे मावतील इतके न उघडणारे तोंड दिसल्यास त्वरित दंतवैद्य वा कर्करोगतज्ज्ञ गाठावा. सुपारीचा डबा ताटाजवळून हलवून तेथे बडीशेप ठेवावी. आणि जो व्यापारी स्वतःच्या घरात सुपारी नको म्हणतो, त्याने दुकानातील तिच्या पुड्यांचाही विचार अवश्य करावा.