हंस आणि गूस

जबलपूर १७८१ पासून १८१७ पर्यंत मराठी सत्तेखाली होते. तेथील मराठी घरांत हिंदी ही दुसरी घरभाषाच, आणि ‘हंस’ या शब्दापाशी तर दोहोंतील सीमा पुसलीच जाते. प्रेमचंदांनी १९३० साली आपल्या मासिकाला हे नाव दिले, अनंत अंतरकरांनी १९४६ साली आपल्या मराठी मासिकाला. नीरक्षीरविवेकी पक्ष्याचा मान दोन्हीकडे सारखाच.

या शब्दाचा रशियन भाऊ ‘गूस’ मात्र अंगणातला आहे. लॅटिन ‘आन्सेर’, जर्मन ‘गान्स’ आणि संस्कृत ‘हंस’ यांच्याशी त्याचे मूळ एक. ‘हिम’ व रशियन ‘झिमा’ (हिवाळा) ही जोडी पाहता त्याच्या आरंभी ‘झ’ हवा होता. तेथील ‘ग’ जर्मानिक शेजाऱ्यांकडून आला असावा, असे काही भाषाशास्त्रज्ञ मानतात. ज्याला इंग्रजीत स्वान म्हणतात त्या पक्ष्याला रशियनमध्ये ‘लेबेद’ हा निराळाच शब्द आहे. चायकोव्हस्कीच्या सरोवरातले पक्षी लेबेद. आपण त्यांना हंस केले.

वस्तुतः स्वान भारतात क्वचितच येतो. प्राचीन हंस म्हणजे इंग्रजांचा गूसच, हे फोगेल यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात साहित्य व शिल्प यांच्या आधारे मांडले आहे. मध्य भारतातील जलाशयांवर हिवाळ्यात उतरणारा पट्टकादंब हिमालय ओलांडून तिबेटात वीण घालतो. कवींचा मानसप्रवास ही निव्वळ कल्पना नव्हे.

तेव्हा ‘गूस’चे भाषांतर ‘हंस’ करावे काय? गोगोलच्या १८३४ च्या कथेत बंदुकीवरून वाद होतो आणि इव्हान निकिफोरोविच आपल्या मित्राला ‘गुसाक’, म्हणजे नर गूस, म्हणतो. तेवढ्या एका शब्दावरून खटला उभा राहतो. दोघे म्हातारे होतात, खटला संपत नाही. मराठीत ‘तुम्ही हंस आहात’ असे म्हटले, तर इव्हान इव्हानोविच आभार मानून घरी जातील!

समान धातूवरून समान संस्कृतीचा निर्वाळा देणाऱ्या तौलनिक अभ्यासकांना येथे अडखळावे लागेल. रशियन शेतकऱ्याने हा पक्षी फिस्कारताना, पोसला जाताना, भाजला जाताना पाहिला. भारतीय कवीने आकाशात. अर्थ घडला तो या अंतरातून.

अनुवादकाने गोगोलमध्ये बेधडक ‘बदक’ लिहावे. पक्षिशास्त्र बिघडेल, पण भांडण पेटेल. चेखॉव्हच्या ‘काश्तान्का’तही (१८८७) तेच बरे, नाहीतर घोड्याच्या पायाखाली सापडलेला तो बिचारा खेळातला पक्षी मराठीत उगाच परमहंस होऊन मरेल.