चाकांवरची टाकी आणि गच्चीवरची टाकी

'पाणी हेच जीवन' हे वाक्य आपल्याकडे टाक्या-टाक्यांवर रंगवलेलं असतं. पण त्या टाकीत आत्ता पाणी किती आहे, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं! माझं म्हणणं एवढंच आहे.

2021 मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. झोपायची जागा, छोटं किचन, टॉयलेट, सगळं आत. समजा, अशा गाडीत 100 लिटरची टाकी आहे. आपल्या आंघोळीच्या 20 लिटरच्या बादल्या किती झाल्या? फक्त पाच! चार जण दोन दिवस फिरणार, म्हणजे माणशी रोज साडेबारा लिटर. त्यातच पिणं, भांडी, आंघोळ. 'मोठी टाकी बसवा' म्हणाल, तर एक लिटर म्हणजे एक किलो. 300 लिटर म्हणजे पाच माणसं जास्तीची! शिवाय अर्धवट भरलेलं पाणी वळणावर हेलकावे खातं. म्हणून टाकी खाली, आसाजवळ बसवायची आणि सतत बघायचा तो लेव्हल इंडिकेटर. आकडा सगळ्यांना दिसतो, त्यामुळे हात आपोआप आखडतो.

आपल्या हॉस्टेलवर काय होतं? पहाटे उठणारा दोन बादल्या घेतो, आठच्या प्रॅक्टिकलवाल्याला कोरडा नळ. मग शिव्या कोणाला? वॉचमनकाकांना! कोणी किती वापरलं, टाकी कधी संपली, कोणालाच पत्ता नाही.

खरं तर ही अक्कल खान्देशात जुनीच आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धत होती. बंधाऱ्याखालची शेती फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक, आणि पाणी द्यायला पाटकरी. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजवायचे फडच कमी करायचे. म्हणजे आधी पाणी बघायचं, मग वाटायचं. जळगावच्या ठिबकचं तरी दुसरं काय सूत्र आहे? मोजून द्या!

काही जण म्हणतील, "आधी पाणी वाढवा, मग हिशेब मागा." मागणी रास्त आहे. पण रोजचा आकडाच नसेल, तर रेक्टर सरांकडे नेमकं किती मागणार? आकडा असला तर तो मॅनेजमेंटलाही टाळता येणार नाही.

खर्चही फार नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनी सेन्सर बसवावा. तोवर टाकीत एक फ्लोट, त्याला दोरी, दोरीला बाहेर वजन आणि भिंतीवर पट्टी. पाणी वाढलं की वजन खाली येतं, म्हणून पट्टीवरचे आकडे उलटे लिहायचे, बस्स! सकाळ-संध्याकाळ तो आकडा मेसच्या फळ्यावर लिहायचा. प्रत्येक मजल्याने पाळी लावून घ्यावी.

मे महिन्यात पेपर असतात आणि ऊनही. तेव्हा भांडत बसण्यापेक्षा मार्चमध्येच पट्टी रंगवू या. रंग मी आणतो, शिडी कोण आणतंय?