लेकराला सांगून जा

सप्टेंबर सरत आला की बालाघाटच्या डोंगरातल्या गावांत ऊसतोडीच्या मुकादमांच्या चकरा वाढतात. उचल म्हणजे आगाऊ रक्कम किती, कोयते किती, यंदा कारखाना कोणता, हे सगळं ठरतं. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडीनं जायचं, तर म्हाताऱ्यांकडे कोण बघेल, शेळ्या कुणाकडे ठेवायच्या, मोठ्या पोराची शाळा कशी चालेल, याचीही घरात चर्चा होते. तीन-चार वर्षांच्या धाकट्याला हे सगळं कसं आणि कधी सांगायचं, याची चर्चा मात्र मी फार थोड्या घरांत ऐकली.

बीड जिल्ह्यात मी आधी अंगणवाडी सेविका होते, नंतर पर्यवेक्षिका झाले. दसरा झाला की आमच्या पटावरची लेकरं दोन वाटांनी पांगतात. काही आईबापांबरोबर सांगली, कोल्हापूर, सोलापूर नाहीतर बेळगावकडच्या उसाच्या फडांवर जातात, काही आजीजवळ गावात राहतात. कुठलीही वाट आली तरी लेकराचं जग एका रात्रीत पालटतं. त्यांच्या वजनाबद्दल, लशींबद्दल, शाळेबद्दल थोडंफार बोललं जातं, आणि ते आणखी बोललं जायला हवं. मला आज त्याच्याही आधीची गोष्ट मांडायची आहे. जाण्याआधी लेकराला सांगा, खरं सांगा, आणि ते जागं असताना त्याचा निरोप घ्या.

‘लहान आहे, त्याला काय कळतंय,’ असं आपण म्हणतो. त्याला सगळं दिसत असतं. पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली येते. एरवी पायलीभर दळण असतं, आता पोतंभर पीठ दळून येतं. कोयत्यांना धार लागते. आई आजीशी हळू आवाजात बोलते आणि लेकरू जवळ आलं की गप्प होते. कुणी काही सांगत नाही, म्हणून ते आपल्या परीनं अर्थ लावतं. चार वर्षांच्या लेकराच्या जगाचा मध्य ते स्वतःच असतं, त्यामुळे त्यानं लावलेला अर्थही तसाच असतो. मी दूध सांडलं, मी बहिणीला मारलं, म्हणून आई मला सोडून चालली. आपल्याला हास्यास्पद वाटेल, पण अंगणवाडीत बाहुलीशी बोलताना लेकरं हेच बोलतात आणि मी ते अनेकदा कानांनी ऐकलं आहे.

गाड्या बहुधा रात्री निघतात. लेकरू झोपलेलं असतं. रडारड नको, जाणाऱ्याचा पाय अडखळायला नको, म्हणून त्याला तसंच झोपू देतात. दिवसा जायचं असलं तर ‘बाजारला जाऊन येते, खाऊ आणते’ असं सांगितलं जातं. अशी एक मुलगी माझ्या डोळ्यांसमोर आहे. आई बाजारला म्हणून गेली ती परत आली नाही, तेव्हापासून दर बाजारच्या दिवशी ही मुलगी सकाळपासून आजीचा पदर धरून बसायची. अंगणवाडीत यायची नाही. आजीनं पिशवी हातात घेतली की तिची दातखीळ बसायची. म्हातारीनं शेवटी आठवडी बाजार सोडला. शेजारीण तिच्यासाठी मीठ-मिरची आणायची. आजी मला म्हणाली, ‘बाई, हिची माय उसाला गेली ते हिला ठावं हाय, पन हिला आता बाजाराचंच भ्या वाटतं.’ आईनं लेकीला फसवण्यासाठी ते सांगितलं नव्हतं. तिचं स्वतःचं काळीज तुटत होतं आणि त्या क्षणी तिला दुसरं काही सुचलं नाही. म्हणूनच हे आधी ठरवायला हवं, निघतानाच्या घाईत नव्हे.

बालविकास शिकताना आम्हाला जेम्स रॉबर्टसन या ब्रिटिश कार्यकर्त्याच्या १९५२ सालच्या एका चित्रपटाबद्दल शिकवलं होतं. लंडनमधली अडीच वर्षांच्या आतली लॉरा ही मुलगी छोट्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस दवाखान्यात होती. तेव्हा तिथे आईला मुलाजवळ राहू देत नसत. लॉरा फारशी रडत नाही. ती शहाण्यासारखी पडून राहते, अधूनमधून चेहरा आक्रसतो, पुन्हा सावरते. आई भेटायला आली की दिवसागणिक तिच्याकडे वळायला तिला जास्त वेळ लागतो. डॉक्टर-नर्स अशा मुलांना ‘रुळलं’ म्हणत. रॉबर्टसननं दाखवलं की मूल आधी आक्रोश करतं, मग खचतं आणि शेवटी तुटल्यासारखं होतं. आणि हे शेवटचं गप्प होणं मोठ्यांना रुळल्यासारखं दिसतं. या कामानंतर, पुढच्या काही वर्षांत इंग्लंडच्या दवाखान्यांत आईबापांना मुलांजवळ बसू देण्याची शिफारस सरकारी समितीनं केली.

आठ दिवसांत लॉराचं हे होत असेल, तर आमची लेकरं पाच-सहा महिने काढतात. ‘आता रडत नाही, विसरला’ हे वाक्य गावात दिवाळीच्या सुमाराला ऐकू येऊ लागतं. मी ते ऐकलं की त्या लेकराकडे जास्त लक्ष द्यायचे. भात चिवडतो का, खेळता खेळता थांबतो का, सुकलेलं अंथरूण पुन्हा ओलं व्हायला लागलं का, बोबडं बोलणं परत आलं का. अंथरूण ओलं झालं म्हणून त्याला चारचौघांत लाजवणं किंवा फटके देणं हा दुहेरी अन्याय आहे. बहुतेक लेकरांचं हे काही आठवड्यांत कमी होतं. होत नसेल, खाणं-खेळणं दोन्ही सुटलं असेल, तर सेविकेनं प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगावं. बालकांची तपासणी करणारं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्यांच्याही कानावर घालावं.

मग सांगायचं कसं? चार वर्षांच्या लेकराला ‘सहा महिने’ कळत नाहीत. सण कळतात. आम्ही आयांना सांगायचो, त्याला म्हणा, आधी दिवाळी येईल, मग संक्रांतीचा तिळगूळ, मग होळीची पोळी, आणि त्यानंतर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की आम्ही गाडीत बसून घरी येऊ. नेमकी तारीख सांगू नका, कारण ऊस किती आहे त्यावर हंगाम लांबतो किंवा आखडतो आणि दिलेला शब्द मोडतो. लेकरू कुणाजवळ झोपणार, अंघोळ कोण घालणार, ताप आला तर कोण दवाखान्यात नेणार, हे नावानिशी सांगा. ‘तू काही केलं म्हणून आम्ही जात नाही, पैसे लागतात म्हणून जातो’ हे तर एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा सांगा. ते रडेल. रडू द्या. आईच्या मांडीवर रडलेलं लेकरू आणि रिकाम्या अंथरुणात जागं होऊन रडलेलं लेकरू यांच्या रडण्यात फार अंतर आहे.

आणि मागे राहणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं. ‘जेवला नाहीस तर आई येणार नाही,’ ‘रडलास तर मुकादम घेऊन जाईल,’ ही भीती घालू नये. आईचं परत येणं ही लेकराच्या शहाणपणाची बक्षिसी नाही. तिचं नाव घरात घ्यायचं नाही, म्हणजे आठवण येणार नाही, असंही पुष्कळ आज्यांना वाटतं. नाव घ्यावं. भाकरी करताना ‘तुझी माय अशीच पातळ भाकरी करते’ म्हणावं. फोनवर लेकरू बोललं नाही तर ‘बोल ना, बोल ना’ म्हणून त्याच्या मागे लागू नये. आईनं आपलं सांगत राहावं, आज काय भाजी केली, कोपीसमोर, म्हणजे तिथल्या झोपडीसमोर, कुत्रं कसं बसलंय. ते ऐकत असतं.

अंगणवाडीत दसऱ्याच्या आधी आम्ही गाडी भरायचा खेळ मांडायचो. खोक्याचा ट्रक, भातुकलीची भांडी, चिंध्यांच्या गोधड्या, शेंगांच्या टरफलांच्या शेळ्या. कोण गाडीत बसणार आणि कोण आजीजवळ थांबणार, हे लेकरंच ठरवायची. घरी जे ऐकलं ते सगळं त्या खेळात बाहेर यायचं. एका मुलानं गाडी भरली, सगळ्यांना बसवलं आणि बापाच्या बाहुल्याला खाली उतरवलं. ‘तू थांब, मी जातो,’ म्हणाला. त्याला त्यावर कुणी काही शिकवलं नाही, कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा तेच केलं. तिसऱ्या दिवशी बाहुल्याला गाडीत बसवून ट्रक स्वतः भिंतीपर्यंत ढकलत नेला आणि परत आणला. परत आणला, हे महत्त्वाचं.

जे लेकरू फडावर जातं त्याला आई मिळते, पण बाकी सगळं सुटतं. आईसुद्धा फार कमी मिळते. पहाटे चारच्या सुमाराला, कधी त्याच्याही आधी, जोड्या फडाकडे निघतात. लेकरू एकतर पाचटावर झोळीत असतं नाहीतर कोपीत आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या हवाली. ओळखीचं झाड नाही, ओळखीची बाई नाही, कर्नाटकात गेलं तर ओळखीची भाषाही नाही. अशा लेकराबरोबर घरातली एक वस्तू जाऊ द्या, आणि ती त्यालाच निवडू द्या. गाडीत जागा नसते हे मला माहीत आहे. पण आजीच्या लुगड्याची गोधडी किंवा फुटका कप यांना किती जागा लागते? नव्या जागी पहिल्या रात्री त्या गोधडीचा वास ओळखीचा असतो.

शहरातल्या वाचकांना हे दूरचं वाटू नये. त्यांच्या मुलांच्या प्लेग्रुपमध्ये पहिले काही दिवस आईला वर्गात बसू देतात, रोज अर्धा तास वाढवत मुलाला सवय करतात. ते योग्यच आहे. तीच काळजी ऊसतोड कामगाराच्या लेकराला मिळावी असं मी म्हणते तेव्हा काही जादा मागत नाही.

यात सरकारचं काम मोठं आहे. आईबाप फडावर असताना मुलांनी गावात राहावं म्हणून असलेली हंगामी वसतिगृहं शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी आहेत. शाळेच्या आधीचं वय, म्हणजे नेमकं जे वय असं तुटणं सर्वांत कमी सोसू शकतं, ते अंगणवाडीवर सोडलेलं आहे. महिला व बालविकास विभागानं स्थलांतरित माता-बालकांच्या नोंदीसाठी मायग्रेशन ट्रॅकिंग सिस्टिम आणली, म्हणजे गावातलं नाव फडाजवळच्या अंगणवाडीला दिसावं. पाऊल चांगलं आहे. पण नाव पोचलं म्हणजे लेकरू पोचलं असं होत नाही. तिथल्या सेविकेकडे आधीच तिच्या गावची लेकरं असतात. तिची अंगणवाडी उघडते नऊ-दहाला आणि आमच्या लेकराची आई पाच-सहा तास आधीच गेलेली असते. कोपीपासून अंगणवाडीपर्यंत त्याला आणणार कोण?

अंगणवाडी ही कल्पनाच मुळी लेकराच्या दारात जाण्यासाठी जन्मली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे कोसबाडला काम नेलं. लेकरं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. मोठी मुलं गुरं राखायला जातात म्हणून कुरणशाळा काढली, जिथे गुरं तिथे शाळा. एकात्मिक बालविकास योजना १९७५ मध्ये आली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. मग कारखान्याच्या गाडीतळावर, कोप्यांच्या रांगेत अंगणवाडी का बसू नये?

काही सेविका आपापल्या परीनं करतात. माझ्या ओळखीची एक सेविका दसऱ्याआधी जाणाऱ्या प्रत्येक लेकराची एक चिठ्ठी आईजवळ द्यायची. त्यात वजन आणि लशी असायच्याच. खाली तिच्या हातचं लिहिलेलं असायचं: घरी याला दाद्या म्हणतात. मोठ्या आवाजाला घाबरतो. झोपताना पाठीवर थोपटावं लागतं. पाण्याला ‘मम’ म्हणतो. शक्य असेल तेव्हा ती पलीकडच्या सेविकेला फोनही करायची. एका आईनं मला सांगितलं की नव्या ठिकाणच्या ताईंनी दारातच ‘ये दाद्या’ म्हटलं आणि पोरगं तिच्या कडेवरून खाली उतरलं. ही चिठ्ठी त्या सरकारी नोंदीत का असू नये? लस किती तारखेला दिली हे लिहायला रकाना आहे, तर लेकराला कशानं शांत वाटतं हे लिहायलाही एक रकाना असावा.

परतल्यावरचं एक सांगते, कारण तिथे आया फार दुखावतात. पाडव्याच्या आसपास गाडी गावात येते, आई धावत घरी येते आणि लेकरू आजीच्या मागे लपतं. ‘माझंच लेकरू मला वळखंना,’ म्हणून रडणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्यानं ओळखलेलं असतं. ते रागावलेलं असतं, आणि पुन्हा जीव लावला तर ही पुन्हा जाईल का, हे ते जोखत असतं. त्याला हिसकावून घेऊ नका. काही रात्री आजी आणि आई दोघींच्या मधे झोपू द्या. आजीपासून एकदम तोडलं तर त्याच्यावर दुसरी ताटातूट येते. बापानंही पहिल्याच दिवशी ‘लाडावलंय’ म्हणून ओरडू नये. काही दिवसांनी ते चिकटतं, इतकं चिकटतं की आईला पाणवठ्यावरही जाऊ देत नाही. तेव्हा वैतागू नका, तो बरं होण्याचा भाग आहे.

यंदाचा दसरा कधी आहे हे कॅलेंडरवर छापलेलं आहे, आणि कोणत्या गावातून किती जोड्या जाणार हे मुकादमाच्या वहीत आहे. तेव्हा जिल्हा परिषदांनी सप्टेंबरातच गावोगावी आईबाप आणि आज्यांची बैठक घ्यावी, लेकराची चिठ्ठी आईच्या हातात द्यावी. कारखान्यांनी गाडीतळावर सावलीची, पाण्याची आणि विस्तवापासून लांबची एक खोली द्यावी. तिथली अंगणवाडी जोड्या फडाकडे निघायच्या आत उघडावी. त्यासाठी तिथल्या सेविकेला हंगामापुरती दुसरी मदतनीस मिळावी, शक्य असेल तिथे आमच्याच भागातून आलेली, लेकरांची बोली जाणणारी बाई, आणि त्या पहाटेच्या तासांचं दोघींना वेगळं मानधन मिळावं.