माळ्यावरचा लाकडी बैल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, वर्धा जिल्ह्यात गावोगावी तान्हा पोळा भरतो. आदल्या दिवशी खऱ्या बैलांना जो मान मिळालेला असतो, तो या दिवशी चाकांवरच्या लाकडी बैलांच्या वाट्यास येतो. मुले नटूनथटून आपापले बैल तोरणाखाली आणतात, पूजा होते आणि मग घरोघरी फिरून बोजारा गोळा केला जातो. नागपूरकर भोसल्यांच्या काळात ही प्रथा रूढ झाली असे परंपरा सांगते. सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा तर तेथील मोठमोठ्या नंदींमुळे विदर्भभर नाव मिळवून आहे. सण सरला की बैल माळ्यावर चढतो. मुलगा मोठा होतो, शिकतो, नोकरीसाठी नागपूर-पुण्याकडे जातो. आणि एखाद्या वर्षी घर रंगवायला काढले की कान तुटलेला, एक चाक हरवलेला तो बैल अडगळीबरोबर बाहेर पडतो. त्याचे पुढे काय व्हावे, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

हा प्रश्न आज विचारण्याचे एक निमित्त आहे. लहानपणची खेळणी पुन्हा शोधून काढायची, जमवायची, आणि नुसती कपाटात न मांडता त्यांची छायाचित्रे काढायची, असा एक छंद गेल्या काही वर्षांत जगभर प्रौढ माणसांत पसरला आहे. या छंदाचे मुख्य पात्र म्हणजे हातपाय वळवता येणारी वीरांची बाहुली. 1964 साली अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने ‘जी. आय. जो’ नावाचा सैनिक बाजारात आणला. मुलगे ‘बाहुली’ हे नाव ऐकून तोंड फिरवतील या भीतीने तिला ‘अ‍ॅक्शन फिगर’ हे नवे नाव देण्यात आले. भारतात 1987 साली फनस्कूल कंपनी निघाली आणि पुढे हा सैनिक आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांतही पोहोचला. त्या पिढीतील मुले आज चाळिशीत आहेत. खिशात उत्तम कॅमेऱ्याचा भ्रमणध्वनी आहे, आणि आईने जपून ठेवलेल्या डब्यात एखादा सैनिकही आहे. छंदाला एवढी सामग्री पुरते.

मोठ्या माणसाने खेळण्याशी खेळावे हे आपल्या समाजाला रुचत नाही. ‘पोरकटपणा’ हा शब्द त्यासाठी तयारच असतो. तथापि हा आक्षेप फार काळ टिकत नाही. अमेरिकन छायाचित्रकार डेव्हिड लेव्हिन्थॉल यांनी दुसऱ्या महायुद्धातील रशियावरील जर्मन स्वारी केवळ खेळण्यातील सैनिकांच्या साहाय्याने उभी केली. गॅरी ट्रूडो यांच्या सहकार्याने 1977 साली निघालेले त्यांचे ते पुस्तक युद्धाविषयी गंभीरपणे बोलणारे मानले गेले. दूर कशाला, ज्यांच्या मालकीच्या वस्तू बोटांवर मोजता येत, त्या गांधीजींच्या चीजवस्तूंत तीन माकडांचे एक चिमुकले खेळणे होतेच. वस्तू लहान आहे म्हणून तिच्याशी जडलेला विचार लहान असतो, असे नव्हे.

शिवाय हे काम सोपेही नाही. खेळण्याकडे वरून पाहिले तर ते खेळणेच दिसते. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर, म्हणजे बहुधा जमिनीलगत, आणावा लागतो. इतक्या जवळून छायाचित्र घेताना थोडाच भाग स्पष्ट येतो आणि बाकीचा धूसर होतो. त्यामुळे भिंगाचे छिद्र लहान करून, कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून, अधिक वेळ प्रकाश घ्यावा लागतो. वाळूचा जाड कण चार इंची सैनिकाच्या पायाशी धोंड्यासारखा दिसतो, म्हणून माती चाळावी लागते. पाण्याचा थेंब मात्र लहान करता येत नाही. तो सगळे बिंग फोडतो. उन्हाळ्यात भेगाळलेली वर्धा-हिंगणघाटकडील काळी जमीन या छंदाला मिळालेले आयते रणांगण आहे, कारण तेथील बोटभर भेग खेळण्याच्या हिशेबाने दरी असते. ज्याने असे एक चित्र साधण्यासाठी सकाळ घालवली, त्याने आपल्याच शेताची माती जन्मात प्रथमच नीट पाहिलेली असते.

या छंदाचा खरा गुण मात्र वेगळाच आहे. खेळण्यांच्या संग्राहकांत न उघडलेल्या खोक्याला सर्वांत अधिक किंमत येते. ज्याच्याशी कोणी खेळलेच नाही ते खेळणे श्रेष्ठ, असा हा बाजारी न्याय आहे. छायाचित्रकाराचा न्याय याच्या उलट आहे. त्याला खोके फोडावेच लागते. रंग उडालेला चेहरा, झिजलेला सांधा, दातांच्या खुणा, हे सारे त्याच्या चित्रात अर्थ भरते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची आठवण येथे अपरिहार्य आहे. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, भांडी, बाहुल्या अशा रोजच्या वापरातील वस्तू जमवल्या, बालवयात गेलेल्या आपल्या मुलाचे नाव त्या संग्रहास दिले आणि 1975 साली तो शासनाच्या हवाली केला. वापरून झिजलेल्या वस्तूंतच घराचा इतिहास असतो, हे त्या संग्रहाने महाराष्ट्राला शिकवले.

आता पुन्हा त्या लाकडी बैलाकडे वळावे. परदेशी सैनिकाचे खेळणे साच्यातून लाखोंनी निघते. माळ्यावरचा बैल गावच्या किंवा शेजारगावच्या सुताराने घडवलेला असतो, आणि तसाच दुसरा मिळत नाही. वर्धा जिल्हा हा गवळाऊ जातीच्या पांढऱ्या, चपळ गुरांचा प्रदेश आहे. आर्वी-कारंजा भागात ही जात वाढली आणि हेटीकुंडीच्या शासकीय क्षेत्रावर तिचे संगोपन झाले. आज शेतात ट्रॅक्टर आहे, आणि पुष्कळ घरी पोळ्याला पूजेसाठी बैलजोडी उरलेली नाही. अशा घरातील मुलाने ज्याची दोरी हातात धरली असा एकमेव बैल लाकडाचा असतो. तो फेकला गेला तर त्या घरातून बैल दुसऱ्यांदा आणि कायमचा जाईल.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. 2006 साली केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा संकटग्रस्त जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. कापसाच्या भावाची चिंता ज्या घरात उंबऱ्याशी बसलेली, तेथे खेळण्यांच्या छायाचित्रांची गोष्ट काढणे म्हणजे सुखवस्तूंचे चोचले नव्हेत काय? परदेशी बाहुल्या हजारो रुपयांना मागवून कपाटे भरण्याविषयी हा आक्षेप खराच आहे. पण माळ्यावरच्या बैलाला एक पैसा पडत नाही. उलट, संकटातील घरे आपली शेती आणि जनावरे गमावतात तेव्हा त्यांची नोंद फक्त सरकारी तक्त्यांत राहते. शेतकऱ्याच्या मुलाने आपल्या हाताने ठेवलेली नोंद, मग ती एका खेळण्याची का असेना, त्या तक्त्यांहून अधिक काही सांगते.

हे काम शाळांनी अंगावर घ्यावे, आणि वर्ध्याच्या शाळांनी तर प्रथम घ्यावे. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी याच शहरात भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमचा विचार पुढे आला. हाताच्या कामातून ज्ञान, हे त्याचे सूत्र होते. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयाने ग्रामोद्योगातील कारागिरी संग्रहाच्या योग्यतेची ठरवली. त्याच परंपरेत एक साधा उपक्रम बसतो. तान्ह्या पोळ्यानंतरच्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील जुन्या बैलाचे एक छायाचित्र त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून काढावे आणि त्याखाली चार ओळी लिहाव्यात: तो कोणी घडवला, कोणत्या लाकडाचा, कोण कोण त्याच्याशी खेळले, आणि त्या वर्षी घरी बैलजोडी होती की नव्हती. आजोबांना विचारल्याशिवाय या चार ओळी लिहिता येणार नाहीत, हाच त्या अभ्यासाचा मोठा लाभ. तान्ह्या पोळ्याच्या स्पर्धांतही बक्षीस केवळ आकाराला आणि सजावटीला न देता सर्वांत जुन्या, सर्वांत वापरलेल्या बैलासाठी एक राखून ठेवावे.

बालपण परत मिळत नाही आणि ते मिळावे असा हट्टही धरू नये. माणसाला एवढेच करता येते, की ज्या वस्तूने त्याला प्रथम माया लावायला शिकवले तिच्यापुढे एकदा गुडघे टेकून, तिच्या उंचीवर येऊन, तिच्याकडे पाहावे. येत्या पोळ्यापूर्वी ज्यांची घरे साफ व्हायची आहेत, त्यांनी अडगळ बाहेर काढताना निदान त्या बैलापुरता हात आवरावा.